परस्पर

बाप्तिस्म्याचा हौद कमरेइतका भरल्यावर चर्च झाडणाऱ्या बाईने सहज विचारले, “आज कोणाला बुडवताय?” पाळक चाचरले. तिच्या लेकीला गाडीखाली चिरडणारा ड्रायव्हर तुरुंगातून सुटला होता. बाप्तिस्मा त्याचाच होता, हे त्यांनी कसेबसे सांगितले. बाई कपड्यांनिशी हौदात उतरली आणि तिने तळाचे बूच उपटले. पाणी गुरगुरत ओसरू लागले. पाळक समजावू लागले, “बाई, तारण देवाच्या कृपेनं मिळतं. त्यानं देवाजवळ क्षमा मागितली आहे.” “माझ्याजवळ नाही मागितली.” “देवाचाही मुलगा मारला गेला. तरी त्यानं माफ केलं.” “त्याच्या मुलाचं त्यानं बघावं. माझ्या लेकीचं तुम्ही नि देव परस्पर कसं मिटवता?” दारात पांढऱ्या झग्यातला ड्रायव्हर केव्हाचा उभा होता. “दोनदा तुमच्या गल्लीपर्यंत आलो होतो, मावशी. हिंमत झाली नाही.” “मावशी म्हणू नकोस.” तिने बूच मुठीत आवळले. “तिसऱ्यांदा ये. आणि दार वाजव.”