पाऊस आणि तूट

बाळांनो, डोळे मिटा आणि अकोल्याच्या जुन्या शहरातला सकाळचा कॉम्प्युटर क्लास समोर आणा. दोन हजार चार सालचा जुलै कोरडाच चाललाय. तुबा पावसाची बेरीज-वजाबाकी करणारा प्रोग्राम लिहिते आहे.

पडलेल्या पावसाच्या आकड्याला तिनं धाकट्या भावाचं नाव दिलं, शाकीब. कमी पडलेल्याला स्वतःचं, तुबा.

"काहून वं, घरच्यायचे नावं देतात का असे?" बशीर सर हसले. "आत जे असन तेच नाव. पाऊस असन तं पाऊस, तूट असन तं तूट."

तुबानं ‘शाकीब’ खोडून ‘पाऊस’ लिहिलं. तेवढ्यात सुट्टी झाली.

"जाय तू. तुह्यं नाव मी बदलून ठेवतो," सर म्हणाले.

घरी शाकीब अंगणात गोट्या खेळत होता. तिनं तीनदा हाक मारली. त्यानं मान वर केली नाही.

"पाऊस?" ती हळूच म्हणाली.

"काय वं, आपा?" तो लगेच वळला.

सरांना थांबवायला ती अनवाणीच फाटकाकडे धावली.

आतून अम्मीची हाक आली. "पाऊस, जेवाले ये! तूट, तू बी ये, बेटा."

ती फाटकाशी थांबली. कुठं निघाली होती, ते तिला आठवेना.

"आली, अम्मी," म्हणत ती घरात गेली.