सोलर प्लेटवर नारळ

वेस्ताआजानं सोलर प्लेटच्या काठावर नारळ आपटला. नारळ शाबूत राहिला, काच तडकली.

"आजा, ती काय देवळाची पायरी आहे?" मी सगळ्यांसमोर ओरडले. परदेशी संस्थेनं दिलेला पाण्याचा पंप याच प्लेटांवर चालणार होता. संस्थेची बाई आज बघायला आलेली. तिला पटलं तरच वरच्या चार पाड्यांना पंप मिळणार होते.

"विहिरीला फोडतो, मोटारीला फोडतो. हिलाच कसा नाही फोडायचा, पोरी?" आजा म्हणाला. बाई एकदा काचेकडं, एकदा आमच्याकडं बघत होती.

तिचा दुभाषी हसला. मराठीतच म्हणाला, "या लोकांना काहीही द्या, मातीच करणार."

माझा राग आजावरून त्याच्यावर गेला. "साहेब, गेल्या वर्षी माझी आई झऱ्यावरून पाणी आणताना हंड्यासकट दरीत पडली. गेली. हा तिचा बाप. म्हणून नारळ आणला त्यानं. सांगा बाईला."

साहेब फोनमध्ये बघायला लागला.

मग मी रिकामा हंडा उचलला, बाईच्या हातात दिला आणि झऱ्याची वाट दाखवली. ती माझ्यामागून दरी उतरायला लागली.