लिंपलेला आवा

“बाई, हुरहुर म्हणजे नेमकं काय हो?” शब्दकोशाचं कोरं कार्ड पुढ्यात धरून आगाशेंनी विचारलं.

मडकी भाजायचा आवा पेटवून त्यावर चिखल लिंपत द्रौपदाबाई म्हणाल्या, “मडकी मीच घडवली. पर आता दोन दिस आत डोकावता यायचं न्हाई. भ्या वाटत न्हाई, पर चैनबी पडत न्हाई. तीच हुरहुर. हितनंच निघाली असंल.”

आगाशेंनी ‘उगम’पुढे कौतुकानं लिहिलं, ‘लिंपलेला आवा?’

“पर साहेब, गेल्या आठवड्यात पणतीचं इचारलंत, तवा कोश ‘प’वर आलाय म्हणालात. आज एकदम ‘ह’ कसा?”

आगाशेंचं पेन थांबलं. खरंच, ‘ह’ला अजून वर्षभर तरी अवकाश होता.

“लेक परवाच सासरी गेली,” ते म्हणाले. “फोनवर दरवेळी सांगते, मजेत आहे.”