वरचं टोक

नळीवरचं प्लास्टिक तिने सोललं आणि खाली बाण दिसला. काळ्या मार्करचा, जाड, जरासा वाकडा. तिचाच. सहाव्या महिन्याचं पोट सांभाळत डुगडुगत्या तराफ्यावर काढलेला बाण वाकडा येणारच. पण टोक आभाळाकडे. ते ती झोपेतही चुकली नसती.

प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने चिकटवलेला पांढरा स्टिकर नळीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: नळी सहा, वर.

बातमी वाचल्यापासून डोक्यात जो किडा वळवळत होता, तो हाच. तळ्याच्या बुडातून काढलेल्या सहा नळ्यांतली ही सगळ्यात खालची. मीटरभर गाळ. एका टोकाला निळसर करडी माती, तिच्यात जिवंत म्हणावं असं काही नाही, कारण तेव्हा सगळा मुलूख बर्फाखाली होता. मग गवताचे परागकण, मग भूर्जाचे, मग चिडाचे. बर्फ हटला, गवत आलं, गवतामागून झाडं आली. इतकी साधी गोष्ट. ती बाळंतपणाच्या रजेवर असताना कुणीतरी ती शेवटाकडून वाचली होती. म्हणून तर गाजली. सगळीकडे बर्फ असताना म्हणे या तळ्याकाठी जंगल उभं होतं, आणि मग थंडीने ते गिळलं. वर्तमानपत्रात प्रयोगशाळेच्या मुख्य सरांचा फोटो आला होता, हातात चिडाची फांदी.

“ताई, दार लावा, गारवा पळतोय,” मामा म्हणाले. या थंड खोलीची किल्ली तीस वर्षं त्यांच्याच खिशात होती. “बाळ काय म्हणतंय?”

“दिवसभर झोपतं, रात्रभर जागवतं.”

“मग पाळण्यात उलटं ठेवता की काय?”

ती हसली नाही, तेव्हा मामांनी नळीकडे पाहिलं. मग बाणाकडे. मग गुपचूप जाऊन सरांना बोलावून आणलं.

“सर, सहावी नळी उलटी वाचली गेलीय,” ती म्हणाली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बाण पाहिला. त्यांनी काहीच विचारलं नाही, त्यावरून तिला कळलं की त्यांना कळलं.

“बाण चुकला असेल तुझा. त्या अवस्थेत येऊ नकोस, असं मी तेव्हाच म्हणत होतो.”

“बाण सोडा, सर. करड्या मातीत खडी आहे, बर्फाने फरपटत आणलेली. ती बुडाशी असणार. जंगलाच्या वर कुठून येईल?”

सरांनी भिंतीकडचा फ्रिज उघडला. सावकाश, काहीतरी आठवल्यासारखं करून. नळ्यांच्या मागून त्यांनी छोटी बाटली काढली. तिच्यात चार बोटं दूध होतं, सकाळी तिने पिळून ठेवलेलं.

“नमुन्यांच्या फ्रिजमध्ये खाण्यापिण्याचं काही ठेवू नये. हा नियम दारावर कोणी लावलाय, मामा?”

नियम तिनेच लावला होता.

“अगं, मी काही म्हणत नाही. लोक म्हणतील. नळी उलटी आहे असं कोण म्हणतंय? तर नमुन्यांशेजारी दूध ठेवणारी बाई.” सरांचा आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलावा तसा. “महिनाअखेरीला तुझी नेमणूक पुढे चालू ठेवायचा कागद माझ्याकडे येतोय. मला सही करायचीय त्यावर. मनापासून करायचीय.”

घरात एकच पगार येत होता, आणि तो तिचा होता. हे सरांना माहीत होतं. रजेचा अर्ज करताना तिनेच सांगितलं होतं, भोळेपणाने.

त्यांनी बाटली जपून जागेवर ठेवली. “आणि हा तुकडा आता कशाला अडवून ठेवायचा? कापून टाक. सेंटिमीटरला एक पिशवी. आजच. स्टिकरप्रमाणे आकडे घाल.”

नळी उभी चिरतात. अर्धी तपासायला वापरतात, अर्धी राखून ठेवतात, उद्या कुणाला शंका आली तर दाखवायला. हा तो राखलेला अर्धा. कापला की उरणार शंभर पिशव्यांत शंभर चिखलाचे गोळे, आणि चिखलाच्या गोळ्याला वर-खाली नसतं.

सर गेले. मामा म्हणाले, “ताई, मी बाहेर आहे,” आणि तेही गेले. तिची छाती भरून आली होती, खरीखुरी, दुधाने. कुडत्यावर दोन ओले डाग पसरले. तिने ओढणी पुढे घेतली. हात धुतले. कापायच्या पातीचं टोक करड्या मातीवर टेकवलं आणि ते तसंच धरून उभी राहिली, बोटं बधिर होईपर्यंत.

मग दाबलं.

तिसरी पिशवी भरत असताना नवी मुलगी धावतच आत आली. तिचा सगळा चेहरा हसत होता.

“ताई, किती वाट बघितली तुमची. द्या, मी पिशव्या धरते. आणि ऐकलंत का? आपलं तळं पाचवीच्या नव्या पुस्तकात घेतायत. चित्रासकट. आधी जंगल, मग बर्फ.” ती पिशवीचं तोंड उघडून समोर उभी राहिली. “तुमचं बाळ शाळेत जाईल ना, तेव्हा हाच धडा पाठ करेल.”

तिने काप पातीवरून पिशवीत सोडला आणि वर आकडा घातला.

“नीट धर,” ती म्हणाली. “अजून सत्त्याण्णव आहेत.”