सतरा नंबरची खुर्ची

बासष्ट साली नागपूरचं एक जुनं थिएटर पाडलं. गुणाकररावांनी तिथल्या पन्नास खुर्च्या बालाघाटच्या नाट्यमंडळाला मिळवून दिल्या. बदल्यात पत्नीला, अलकनंदाबाईंना, नायिकेची भूमिका. सौदा स्वस्तातला.

माणूस उठला की त्या स्प्रिंगच्या खुर्च्या आपोआप मिटत. सतरा नंबर मात्र रिकामी असूनही उघडीच राही.

"तिथंबी अशीच राहे," त्या थिएटरात सुतारकी केलेला, खुर्च्या बसवायला आलेला हिरालाल म्हणाला. "संगीत नाटकं झाली, फार्स झाले, पण या नंबरचं तिकीट कोणालेच देलं नाही."

"का बरं?"

"मी पुसलंच नाही, साहेब. नोकरी टिकवाची होती."

गुणाकरराव हसले. दुपारच्या तालमीला ते मुद्दाम तिथंच बसले, एक प्रवेश पाहिला आणि चहा सांगायला उठून दारापर्यंत गेले.

स्टेजवरून अलकनंदाबाई त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "अहो, बसून काय राहिलात? चहा सांगताय ना?"

"मी इथं दारात आहे."

बाईंनी वळून पाहिलं नाही. हिरालालनंही नाही. खुर्चीनं काही विनोद केल्यासारख्या बाई मात्र खुदकन हसल्या.

मंडळाला खुर्च्या मिळाल्या, बाईंना भूमिका मिळाली, आणि दोन्हींची किंमत दारात उभी राहून हाका मारत होती.