मोठ्यानं वाचा

"इथे सही, आणि प्रत्येक पानाच्या खाली एकेक," असं म्हणून कंत्राटदारानं पेन टेलरताईंच्या हातात दिलं.

घर बांधण्याचा करार अकरा पानांचा होता. ताईंनी पहिल्या पानावरून नजर फिरवायला सुरुवात केली, तेवढ्यात शेजारी बसलेल्या थोरल्या भावानं घसा खाकरला.

"आता वाचत काय बसतेस? तिघांची दरपत्रकं आणली, त्यात यांचंच स्वस्त निघालं. माणूस समोर बसलाय. माणूस बघावा, कागद काय बघायचा!"

ताई ओशाळल्या. माणसाच्या समोर बसून त्याचाच कागद निरखायचा, म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं. बावीस वर्षं शिलाई मशीन चालवून साठवलेलं सगळं या घरात जाणार होतं. मागे दुसरं काही नव्हतं. तरी त्यांनी मुकाट्यानं पेनाचं टोपण काढलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

"साहेब, एक अडचण आहे," कंत्राटदाराच्या कचेरीच्या कोपऱ्यातल्या टेबलामागून म्हातारे टायपिस्टकाका म्हणाले. "चुका तपासायच्या राहिल्यात. मला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. कुणी मोठ्यानं वाचलं, तर कानानं चूक पकडतो. ताई, तेवढे उपकार कराल?"

कंत्राटदारानं घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. "वाचा ताई. यांचं हे नेहमीचंच आहे."

म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ताई वाचू लागल्या. सिमेंट झालं, विटा झाल्या, सळया झाल्या. काका डोळे मिटून ऐकत होते. दादा दुसऱ्या पानालाच जांभया देऊ लागले. पाचव्या पानावर ताई अडखळल्या.

"नळ, दिवे, दारांच्या कड्या आणि रंगकाम या दरात धरलेलं नाही."

"शब्द बरोबर आहेत ना?" काकांनी विचारलं.

"शब्द बरोबर आहेत," ताई म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या दुकानात पाटी होती, 'अस्तर आणि बटणं वेगळी'. ती पाटी लावली की शिलाई कशी स्वस्त दिसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? "ते दुसरे दोघे महाग का वाटत होते, ते आत्ता कळलं. त्यांनी अस्तर धरलं होतं."

दादांची जांभई अर्ध्यावरच राहिली.

आता ताईंचा आवाज जरा चढला. एकेक शब्द सुईत दोरा ओवावा तसा जपून येऊ लागला. सातव्या पानावर मात्र तो एकदम बसला.

"पाया पाच फुटांपर्यंत. त्याखाली खोदावं लागल्यास होईल तो सर्व खर्च मालकाचा." त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. "अहो, पण माझ्या जागेत पाच फुटांवर घट्ट जमीन लागायचीच नाही. तिथे पूर्वी वीटभट्टीवाल्यांनी माती उपसलेला खड्डा होता. मागाहून भराव टाकलाय. दहा फूट तरी जावं लागेल."

कंत्राटदार ताठ बसला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

सही झाली असती, तर होते नव्हते ते सगळे पैसे पायातच पुरले गेले असते आणि वर एक भिंतही उभी राहिली नसती. ताईंनी पेनाला पुन्हा टोपण लावलं.

वाद होईल असं त्यांना वाटलं होतं. झाला नाही. कंत्राटदारानं कागद पुढे ओढला आणि पेन्सिल घेतली. आधी एक खड्डा खणून जमीन बघायची. मग किती फूट खोल जावं लागतं त्यानुसार पायाचा दर ठरवून लिहायचा. नळ, दिवे, कड्या, रंग, सगळं आत. बेरीज अर्थातच फुगली आणि बाकीच्या दोघांच्या जवळ जाऊन बसली. ताईंनी थोडा विचार केला आणि वरची खोली काढून टाकली. खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मशीनपुरती जागा. पण आता ते घर पुरं होणार होतं.

"बरं झालं, मी तुला नीट वाचायला लावलं," दादा म्हणाले.

काकांनी बदललेली पानं तिथल्या तिथे टाइप केली. ताईंनी अकराही पानांवर सह्या केल्या. कंत्राटदार दादांना सोडायला फाटकापर्यंत गेला, तशा त्या काकांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. पेन्सिलीनं खरडलेल्या मुंगीएवढ्या आकड्यांवरून काकांनी एकही चूक न करता टाइप केलं होतं, ते त्यांनी मघाशीच पाहिलं होतं.

"काका, तुम्हाला चांगलं दिसतं," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आज माझं घर वाचवलंत तुम्ही. जन्मभर विसरणार नाही. पण ज्यांचं मीठ खाता त्यांच्याच विरुद्ध असं केलंत! साहेबांना कळलं तर?"

काका हसले. "लोकांना 'वाचा' म्हटलं ना ताई, की ते म्हणतात, छे, तुमच्यावर विश्वास आहे. मग काम अर्ध्यावर आलं की भांडणं सुरू होतात. अशी दोन घरं पडून आहेत. त्यांच्या रस्त्यानं जायचं साहेब अजून टाळतात."

"म्हणजे?"

"म्हणजे, मला दिसत नाही असं म्हणायला साहेबांनीच तर सांगून ठेवलंय."