दोघांपुरती झोपगाडी

“माणसानं घराला चिकटून राहू नये, घरानं माणसामागे यावं!” कोपरकरांनी जाहीर केलं. तेव्हा त्यांचं डोकं प्लायवूडच्या डब्यात होतं आणि लुंगी बाहेर खिळ्याला अडकलेली.

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर सात महिने खपून त्यांनी मोटारीमागे ओढायची थेंबाकार झोपगाडी बांधली. आत दोघांपुरती गादी, भिंतींना कापसाचं अस्तर. बायकोनं हो म्हणायचा अवकाश, की कोकण!

“लोणच्याची फोड आहे का मी, बरणीत बसायला?” म्हणत सुमतीबाई जेवणानंतर एकदाच्या आत शिरल्या. कोपरकर दार लावून निकालाची वाट बघत बसले.

अर्धा तास आतून हूं की चूं नाही. घाबरून त्यांनी दार उघडलं.

“अहो, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तुमच्या घोरण्याशिवाय डोळा लागला!”

“उद्या निघायचं दोघांनी?”

“तुम्ही आलात की घोरणं आलं. दार लावा आणि चारला चहा आणा.”